आवंढा

त्रेचाळिसाव्या वर्षी टॉन्सिल काढले माझे
रोव्हानिएमीच्या इस्पितळात,
आणि केमियार्वीच्या आमच्या घरात
कुणीच बोलेनासं झालं.

बोलायचं खातं माझ्याकडे होतं.
तायस्तो मान हलवायचा,
शेगडीत लाकूड सारायचा. वीस वर्षं.

पाटीवर लिहिलं: थंड काहीतरी.
त्यानं ब्लूबेरीचं सूप आणलं,
पायरीशी बर्फात पुरून गार केलेलं.
एक चमचा, आणि डोळ्यांत पाणी.
मूग गिळून बसावं म्हटलं
तर मूगही उतरू नये असा घसा.

पाचव्या रात्री दुखणं कानात चढलं.
घशाचं भांडण, कानाला शिक्षा.
मी उशी चावत होते. तो उठला,
गोळी कुटली, चमच्यात कालवली,
टॉर्च मारून बघितलं, रक्त नाही ना,
आणि पलंगाच्या काठावर बसून बोलू लागला.
अडखळत, गंजलेल्या बिजागरीसारखा:
तळ्याचं बर्फ रात्री कसं कण्हतं,
बाप पिऊन त्याच बर्फावरून कसा चालत यायचा
आणि हा खिडकीशी पावलं मोजत कसा उभा असायचा,
कुत्री मेली तेव्हा दुसरी का आणली नाही.

उजाडलं तरी बोलतच होता.

दहाव्या दिवशी खपली पडली.
विझलेल्या सौनात जाऊन
हळूच म्हणून पाहिलं: हिल्क्का.
निघालं. नाव माझंच,
आवाज जरा शेजारणीचा.

बाहेर आले. तो दारातच होता.
"आज कसं आहे?"

मी पाटी उचलली.
लिहिलं: अजून नाही.