गोलातला ठिपका

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई.
काळा भरला की आजारी, तिरकी रेघ मारली की गेलेला.
गोलाच्या मधोमध ठिपका दिला की वाहक:
जिला काही होत नाही, जिच्यातून होतं.
ही लिपी शिकायला मला एक दुपार पुरली.
परळच्या ओपीडीत ती लिहिण्यात तेहतीस वर्षं गेली.

मुलं यायची, पाच वर्षांची, सहा वर्षांची,
पोटऱ्या पैलवानासारख्या, आणि जिना चढवत नाही.
"ऊठ बघू," म्हटलं की जमिनीवर हात टेकायची,
मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर,
स्वतःच्याच अंगाची शिडी करून
स्वतःवर चढायची.
वर पोचली की हसायची.
मी शाब्बास म्हणायचे
आणि मान खाली घालून निदान लिहायचे.

चांगुणा वैती ससून डॉकवरून आली, ब्याण्णव साली,
आठ वर्षांच्या हर्षदला कडेवर घेऊन.
कोळंबी सोलून सोलून बोटं चिरलेली,
बर्फानं पांढरी पडलेली.
मी विचारत गेले. भाऊ?
"दोन होते. सोळा भरली नाय कोनाची."
मावशीला मुलगे?
"एक. पाय वाळले. लोक करणी बोलायचे."
पेन्सिलीखाली घर उतरत गेलं,
तिची आई, मावशी, ती स्वतः,
गोल, ठिपका, गोल, ठिपका.
चांगुणानं कागद फिरवून फिरवून पाहिला.
"बाय, सगल्या बायकांना कुकू लावलंस?
आन् बाप्यांना काळं?"

तेव्हापासून मी कुठल्याच आईसमोर ठिपका देत नाही.
गोल रिकामा ठेवते.
दार लागलं की भरते.
विद्यार्थी याला मॅडमची सवय म्हणतात.
माझ्या शोधनिबंधांत ती कुठे नाही.

मांडीतून शेंगदाण्याएवढा स्नायू काढायचा,
उणे ऐंशीला गोठवायचा आणि थांबायचं,
यंत्रासाठी, निधीसाठी, सहीसाठी.
एका मे महिन्यात तळघरातला फ्रीझर बंद पडला.
चारशे बारा कुप्या.
निम्म्या मुलांकडे आता दुसरा तुकडा मागता येणार नव्हता.
कोरड्या बर्फासाठी मी शहरभर फोन लावत होते,
तेवढ्यात चांगुणाचा नवरा
डॉकवरून टेम्पोभर लाद्या घेऊन आला.
कुणी कळवलं कोण जाणे.
शून्य अंशाचा बर्फ उणे ऐंशीला काय पुरणार?
मी नको म्हटलं नाही.
दोघांनी मिळून लाद्या रचल्या.
हर्षद आदल्या दिवाळीत गेला होता.
त्याचं नाव दोघांनीही काढलं नाही.
पाणी आमच्या पायांखालून लिफ्टपर्यंत गेलं.
कोरडा बर्फ पहाटे आला,
एका आइस्क्रीमवाल्याकडून.

नऊ वर्षांनी हर्षदच्या कुपीनं उत्तर दिलं.
बावीस लाख अक्षरांत एक अक्षर चुकलेलं.
टाळ्या पडल्या, मला शाल मिळाली.
हे आधी कळलं असतं तरी तो गेलाच असता,
एवढं वाक्य भाषणातून मी खोडलं होतं.

मग एका शनिवारी तेजल आली, त्याची धाकटी बहीण.
गळ्यात बँकेचं ओळखपत्र, लग्न ठरलेलं.
पाकीट मी सकाळीच फोडलं होतं.
जुना कागद टेबलावर, घड्यांवर पिवळा,
तिचा गोल रिकामा.
मी पंख्याबद्दल बोलले, बसच्या रांगेबद्दल,
चांगुणाच्या गुडघ्यांबद्दल.
तिनं सगळं ऐकून घेतलं.
"आईनं सांगितलंय मला," ती म्हणाली.
"एकदा डबा विसरला म्हणून ती मागे फिरली होती,
तेव्हा तिनं पाहिलं तुम्हाला.
आम्ही गेल्यावर लावता ते."

"असेल तर माझ्यासमोर लावा.
आणि पेन्सिलीनं नको."

मला पेन सापडेना.
शेवटी तिनंच पर्समधून काढून दिलं,
बँकेच्या काउंटरवरचं,
तुटलेल्या साखळीचे दोन मणी अजून लटकत होते त्याला.