कळवतो

वाळूजला, रांजणगाव फाट्यावर, चपलांच्या दुकानावर
जिना चढताना उजव्या हाताला तंबाखूच्या पिचकाऱ्या
आणि डाव्या हाताला आमचा बाण:
श्रमसाधना प्लेसमेंट, वरचा मजला.
वर लाल प्लास्टिकच्या सात खुर्च्या, एकीचा पाय सुतळीनं बांधलेला.
तिच्यावर कुणी बसू नये म्हणून मी माझी पर्स ठेवते.

माझं नाव दैवशाला.
बी.कॉम., सेलू. टायपिंग मराठी चाळीस, इंग्रजी तीस.
दोन वर्षांमागं याच टेबलापुढं उभी होते,
मुठीतली पाचशेची नोट ओली झालेली.
सर म्हणाले, तुमच्या लायक काही आलं की कळवतो,
तोवर बसा इथं, फोन उचला.
ते तोवर अजून संपलेलं नाही.

सकाळी जीपगाड्या पोरं सांडून जातात,
पैठणची, गंगापूरची, कुणी थेट हिंगोलीहून रात्रभर आलेलं,
फाईल शर्टाच्या आत, मार्कमेमो पोटाला चिकटलेला.
एक जण एम.ए. इतिहास.
हे सांगताना त्यानं आवाज खाली आणला:
"दहावीच लिहा मॅडम, एम.ए. दिसलं की घेईनात."
मी लिहिलं, दहावी.
सात वर्षं पुसायला खोडरबरसुद्धा लागलं नाही.

भिंतीवर कंपन्यांची चिन्हं आहेत, फ्लेक्सवाल्यानं मनानं टाकलेली.
त्यातल्या दोन बंद पडल्या, एक गुजरातेत गेली.
पोरं त्यांच्याकडं बघत बघत पाणी पितात.

मंगळवारी आणि शनिवारी, अकरा वाजून दहा मिनिटांनी
"अंगद टेकाळे बोलायलोय, मानवतहून. झालं का काही?"
"चालू आहे. कळवतो."
मी बाई, तरी कळवते म्हणत नाही.
कळवते म्हटलं की माणूस वाट बघतो.

एकदा सरांनी शेंद्र्याला अकरा जण धाडले,
मेडिकलचे तीनतीनशे आधी घेऊन.
जागा दोन होत्या. त्याही आदल्या दिवशी भरलेल्या.
वॉचमननं तीनपर्यंत उन्हात उभं केलं.
मुबीन दुसऱ्या दिवशी जिना चढून आला. वाटलं, पैसे मागंल.
म्हणाला, "गेटवरच्या वहीत सही केली मी, मॅडम.
तेवढी चालंल का, अनुभव म्हणून?"
आणि हसला. मीही हसले.
मग सर आत आहेत का, ते मी आधी बघितलं.

दिवाळीनंतर मीच एका कंपनीत फोन लावला,
ऑफिसचा आवाज काढून:
एक उमेदवार आहे, मुलगी, बी.कॉम., दोन वर्षांचा अनुभव.
"कशाचा?"
माणसं थांबवून ठेवण्याचा, असं ओठांवर आलं होतं.
"कार्यालयीन," म्हणाले.
पलीकडं कागदावर पेन खुडबुडलं, काहीच न लिहिता.
तो आवाज मी ओळखते.
"नाव पाठवून ठेवा. कळवतो."

त्या शनिवारी अकरा दहाला फोन वाजला नाही.
साडेअकराला मी रिसीव्हर उचलून बघितला, चालू होता.
पावणेबाराला वाजला.
"मॅडम, आज कामासाठी नाही केला.
मोंढ्यात लागलोय, काट्यावर, वजनं लिहायला.
आता नाही करणार फोन. सांगून ठेवावं म्हटलं,
तुम्ही तरी दर वेळी उचलत होता."
मागं पोत्यांचे आवाज, कुणीतरी आकडा ओरडत होतं.
मग म्हणाला,
"तुमचं झालं का काही?"

दोन वर्षांत या खोलीत
हा प्रश्न टेबलाच्या या बाजूला आलेला नव्हता.

"चालू आहे," म्हणाले.
आणि थोडं थांबून, "कळवते."

जिन्यात पावलं वाजली. तिघं असावेत.
मी पावतीपुस्तक पुढं ओढलं.