पाचशेच्या वर तीन

जेलरोडच्या खोलीत पंख्याखाली बसून
दोन सेवा ताडून बघतोय.
प्रेसमध्ये चौतीस वर्षं तिकिटं छापली.
छिद्रांची ओळ केसभर हलली
की अख्खा ताव रद्द.
आता सेवानिवृत्तांचं पत्रक
तिकिटाशिवायच जातं, ईमेलनं.

पहिली फुकट, पण पाचशे नावांपर्यंत.
आपण पाचशेतीन.
दुसरी पैसे घेते, वर चहाड्या सांगते:
कोणी उघडलं, किती वाजता, कितीदा.
घोलप समोरच राहतो. वर्षभरात एकदाही नाही.
विचारलं तर म्हणतो, वाचलं की, झकास होतं.

महिनाभर दुसरी चालवून बघितली, चाचणी म्हणून.
दोन पत्रं परत आली, पत्ताच नाही म्हणून.
ती नावं काढली.
एकाला फोन करायचा राहिलाच.

तिसरं सोपं होतं.
दगू पगारे, कटिंग विभाग.
मार्चमध्ये गेला,
अमरधामला लाकडं मोजून मीच घेतली.
नावावर बोट ठेवलं
तर शेजारी बारीक अक्षरात:
उघडलं. काल, पहाटे चार दहा.
त्याआधी सहा वेळा.

पहिल्या पाळीला दगू
याच वेळेला उठायचा.
डबा शांताबाई भरायच्या.

दुसरीचे वर्षाचे पैसे भरले, माझ्या खिशातून.
समिती विचारेल, फुकटची का नको.
बघू काय सांगायचं ते.