एक्का, बादशहा आणि बाकी काही नाही

शनिवारी रात्री साडेदहाला
बोनाव्हेंचर दुकानाचं शटर अर्धं ओढतो,
कापडाचे तागे भिंतीला उभे करतो,
आणि कटिंगच्या टेबलावर पानं वाटली जातात.
पैशांऐवजी बटणं.
शर्टाचं पांढरं दोन रुपये,
पँटचं तपकिरी दहा,
कोटाचं काळं, चार भोकांचं, पन्नास.
कलिना गावठाणावरून विमान उतरतं
तेव्हा बटणं किणकिणतात
आणि सगळे पानं छातीशी धरतात,
जणू वैमानिक वाकून बघेल.

मला आले इस्पिकचा एक्का, बदामचा बादशहा.
अशी पानं आली की माझे कान तापतात
हे तांडेलला नऊ वर्षं ठाऊक आहे.
म्हणून मी कान खाजवतो.
हेही त्याला ठाऊक आहे.
दोन काळी पुढे सरकवली.
अल्ताफने पानं टाकली, बोनाने टाकली.
तांडेल म्हणाला, "बघू की."

मधे तीन पानं उघडली:
किलवरची सत्ती, चौकटची पंजी, किलवरची दुर्री.
याला फ्लॉप म्हणतात, आणि बरोबर म्हणतात.
मानपानाचं एक माणूस आलं नाही,
नुसती पोरंबाळं येऊन बसली पंगतीला.
माझ्याकडे घराण्याचं नाव मोठं
आणि चुलीवर पातेलं पालथं.

मी लिफ्टचा मिस्त्री,
ही जागा माझ्या ओळखीची आहे.
आकडा दाखवतो अठरा
आणि डबा अडकलाय चौथ्या-पाचव्याच्या मधे.
आतली माणसं दिसेल ते बटण दाबत सुटतात.
मी बाहेरून ओरडतो, दाबू नका हो, थांबा जरा.
कुणी ऐकत नाही.
मीही नाही ऐकलं.
चार काळी ढकलली.
तांडेलने न मोजता चार टाकली.

हिशेब मला येतो:
उरले तीन एक्के, तीन बादशहा,
सत्तेचाळिसांत सहा.
पण त्यातलं एखादं तांडेलच्या मुठीत असेल,
एखादं बोनाने टाकलेल्यात
तोंड खाली करून पडलं असेल.
हिशेबाला कुठे दिसतंय.

चौथं पान, बदामची नव्वी.
आता आठ ढकलायची,
चेहरा देवळातल्यासारखा ठेवून,
म्हणजे त्याला वाटावं, याच्याकडे जोडी आहे.
हात बटणांवर गेलाही होता.
पण समोर खारदांड्याचा माणूस.
ओहोटीला होडी चिखलात बसली
तर हा ढकलायला उतरत नाही,
बिडी पेटवतो.
माझ्याकडे बघतही नव्हता तो,
मशीनवर लटकलेली एक बाही बघत होता,
अजून अंगाला न जोडलेली.

मी टेबलावर बोट ठोकलं. पुढे चल.
त्यानेही ठोकलं.

पाचवं, चौकटची तिर्री.
ठोक. ठोक.
"दाखव."

नापास पोराने प्रगतिपुस्तक सहीला द्यावं
तशी मी पानं उलटली.
तांडेल बराच वेळ बघत राहिला.
मग त्याने आपली ठेवली, हळूच:
किलवरचा एक्का, चौकटची राणी.
म्हणजे त्याचंही काही जुळलं नव्हतं.
दोघं आपापल्या रिकाम्या खोलीचं दार
आतून दाबून बसलो होतो.

बोना हसला ते गळ्यातली टेप टेबलावर येईपर्यंत.
"आठ टाकली असतीस तर गेलो असतो मी," तांडेल म्हणाला.
"तू दोन टाकली असतीस तरी मी."
बारा काळी आणि थोडी तपकिरी
मी ओंजळीने ओढली.
राणीपेक्षा बादशहा मोठा, एवढ्याच गोष्टीवर.

घरी शर्ट काढताना खिशात एक काळं सापडलं.
सोमवारी कुणा नवरदेवाची ट्रायल होती.
पावणेदोनला बोनाला फोन लावला.
"माहीत आहे," तो म्हणाला, "मोजलीत मी.
भोकं बघ. दोन असतील तर ते माझं नाही."

मी दिवा लावला.
चार.