मागचं चित्र

तईसिया पाव्लोव्हना सकाळीच गाडी ठेवून गेली.
म्हणाली, वेनियामिन, पुढचा कॅमेरा शहाणा आहे,
मागचा मात्र पुलावरच्या खड्ड्याशी डोळे मिटतो.
नर्स आहे ती, रात्रपाळीची.
लक्षणं कशी सांगायची ते तिला ठाऊक:
कधी, किती वेळ, कशानंतर.
बाहेर उणे सतरा. व्लादिवोस्तोकच्या खाडीवर
बर्फाला भोकं पाडून माणसं गळ टाकून बसलेली.

गाडी जपानची, स्टिअरिंग उजवीकडे,
माहितीपत्रकातली गाडी डावीकडची.
प्रत्येक आकृती आरशात धरून वाचायची.
तीस वर्षं तेच करतोय.
थंडीत प्लास्टिकच्या खुंट्या बिस्किटासारख्या मोडतात,
म्हणून बायकोचा केस वाळवायचा ड्रायर
आधी खांबाच्या आवरणावर फिरवतो,
मग नखाने हळूच सोडवतो कडा.
आत एअरबॅग घडी घालून झोपलेली.
वायर तिच्या मागून न्यायची. पुढून कधीच नाही.
हे अर्तूरला शिकवलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

आता एकविसाचा, गाडीच्या दुसऱ्या टोकाला उभा,
आणि रविवारपासून आमचं बोलणं नाही.
बुसानच्या जहाजावर त्याला नोकरी लागलीय,
जिथली भाषा आमचीच म्हणतात
पण मला तिच्यातली फक्त जेवणाची नावं येतात.
बातमी मला त्याच्या मावशीकडून कळली.

फ्यूज पाहिले.
लाल वायर किल्लीबरोबर जागी होणारी,
पिवळी रात्रंदिवस जागी,
काळी बोल्टखाली, रंग खरवडून, उघड्या लोखंडावर.
मीटरवर बारा पॉइंट चार.
पडद्यावर समोरची भिंत दिसते
आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा काळोख.

"आलं का?"
चार दिवसांतले पहिले शब्द.
"नाही."
"आता?"
"नाही."
"आणि आता?"
"अरे, नाही म्हटलं ना."

मग मागचा कॅमेरा काढून मांडीवर घेतला,
हातभर वायरने जोडून पाहिला.
लगेच पडद्यावर माझी हनुवटी, दाढी न केलेली.
म्हणजे कॅमेरा निर्दोष, पडदाही निर्दोष.
उरली मधली सहा मीटर.

मला वाटलं, सीटबेल्टच्या खांबापाशी चिमटली असेल.
अर्धं छत उतरवलं. छताच्या कापडाची धूळ नाकात गेली.
वायर तिथे नव्यासारखी.
पाऊण तास पाण्यात.
कॅमेरा पुन्हा मागच्या काचेवर, लांब वायरीला.
अर्तूर काही बोलला नाही, फक्त मागचं दार
वर केलं, खाली केलं, वर, खाली,
आणि मधेच थांबला.
"दार अर्धं असलं की येतंय बघ."

बिजागरीजवळ रबराची नळी असते,
पेटीच्या भात्यासारख्या चुण्यांची.
दार उघडलं की ती ताणते, मिटलं की दुमडते.
आम्ही तिचं तोंड सोडवलं.
आत वायर कापडासारखी विरलेली,
तांब्याचे दोन केस एकमेकांना जेमतेम टेकलेले.
आणि वर निळी चिकटपट्टी.
निळी पट्टी या गल्लीत फक्त मी वापरतो.

दोन हिवाळ्यांपूर्वी मीच बसवली होती,
चांगली ताणून, कुठे लोंबू नये, दिसू नये म्हणून.
अर्तूरने पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही.
"इथे चार बोटं सैल हवी होती," म्हणाला,
वायरीलाच सांगितल्यासारखं.

नवी वायर त्याने ओवली.
सैल किती सोडायची, ते मी विचारलं नाही,
त्याने सांगितलंही नाही.
दार दहा वेळा आपटलं. मी पुढे बसून मोजले.
तईसिया पाव्लोव्हनाकडून फक्त वायरीचे पैसे घ्यायचे,
हेही तेवढ्यात ठरवलं.

कोपऱ्यातला काळोख गेला.
तिकिटाएवढ्या चौकोनात गॅरेजचं उघडं दार, मागे बर्फ,
आणि मधे तो, टोपी कानांवर ओढलेली,
तोंडातून वाफ, हात काखेत,
माझ्या उत्तराची वाट बघत.

"आलं का?"

"थांब," म्हटलं, "हलू नकोस.
नीट बघू दे."