शेजारी एक रुपया

ठाकुरद्वारला आमचं दुकान, तळपदे आणि कंपनी.
कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, हँडलं, स्क्रू.
कंपनी म्हणजे पपा, मी,
आणि माळ्यावरचा सगळा माल तोंडपाठ असलेला जनू गुरव.

गिऱ्हाईक येतं ते जुनी रिंग मनगटात घालून,
ताठरलेली, डाळीचा वास धरून असलेली.
"ह्याच्यासारखी द्या."
मॉडेल नंबर कुणालाच माहीत नसतो.
लग्नातला कुकर, एवढंच.

हे सगळं ऑनलाइन न्यायचं ठरलं,
म्हणून गेल्या आठवड्यात माणसं येऊन गेली.

पहिले लोअर परळचे. आले चौघं, स्टुलं दोनच.
रिंगांच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप ठेवून
त्यांनी आम्हाला आमचीच गोष्ट सांगितली.
'वारसा' सात वेळा. जनूने मोजला.
आकडा शेवटच्या पानावर होता, बारीक अक्षरात.
पपांनी चष्मा काढून पुसला
आणि परत घातलाच नाही.

मग मावसभावाचा मित्र, निखिलेश.
"ताई, दोन रविवारात उरकतो."
त्याने केलेली एक साइट मी रात्री उघडून पाहिली:
साड्यांचं दुकान,
आणि 'आमच्याविषयी'खाली
कुठल्याशा दंतवैद्याचा पत्ता.

झुलेखा सरगुरोह कुर्ल्याहून आली
ती पिशवीतून रिंग काढतच. आईची.
आधी नवी घेतली, पैसे दिले, बिल मागितलं,
मग म्हणाली, मी साइटसाठी आलेय.
नंबर माहीत नसलेल्या बाईने शोधायचं कसं?
विचारलं तिनेच, आणि बराच वेळ गप्प बसली,
जनू हुकावर रिंगा चढवत होता ते बघत.

"रिंगेचा फोटो काढायचा,
शेजारी रुपयाचं नाणं ठेवून.
नाण्यावरून माप निघेल. बहुतेक.
दोन महिने लागतील. तिसरा चुका निस्तरायला,
त्याचे पैसे वेगळे, आत्ताच सांगते."

पपा इतका वेळ वहीत होते.
"नाणं कुठलं?" मान वर न करता म्हणाले,
"जुना रुपया मोठा होता.
म्हाताऱ्यांच्या डब्यात अजून तोच निघतो."

ती हसली नाही.
बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं: जुना रुपया, मोठा.

संध्याकाळी, शटर अर्धं ओढलेलं,
पपांनी गल्ला काउंटरवर उलटा केला
आणि बोटाने सरकवत सरकवत
दोन रुपये बाजूला काढले,
एक मोठा, एक लहान.
"उद्या बोलाव तिला," म्हणाले,
"मोजून घेईल."