कटिभाग, सतरावी काच

दस्तगीरभाई चाळणी हलवताना बोलत नाहीत.
पाणी उतरत जातं, माती वर राहते,
आणि खिडकीबाहेर आळंदी रोडला
एखादा टेम्पो मागे येत असतो, तीच धून वाजवत.

भीमेच्या काठावरून आलेलं मूल.
दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली,
आत ते, आडवं.
दातांवरून वय चार, फार तर साडेचार.
मुलगा की मुलगी,
एवढ्या वयाची हाडं सांगत नाहीत.

माती दोन ठिकाणची घ्यायची असा नियम आहे:
कमरेच्या हाडांच्या वाटीतली,
आणि डोक्याजवळची, पडताळ्याला.
पोट केव्हाच गेलेलं असतं.
पोटात होतं ते मात्र जिथल्या तिथे बसून राहतं,
गिऱ्हाईक उठून गेल्यावर
हॉटेलच्या बाकावर राहिलेल्या पिशवीसारखं.

डोक्याजवळची माती कोरी निघाली.
कमरेची मी तीन दिवस बघत होते.
परागकण, कोळशाची कुसळं, बुरशी,
हवेचा एक बुडबुडा, त्याने अर्धा तास फसवलं.
गुरुवारी, चहा यायच्या आधी,
सतराव्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात
ते.
लिंबाच्या घाटाचं, मधाच्या रंगाचं,
दोन्ही टोकांना बूच.
तीन हजार वर्षं, आणि बूच जागेवर.

ओरडले नाही. पेन्सिलीने चित्र काढलं,
मोजलं, पुन्हा मोजलं.
रणसुभेबाई फोनवर म्हणाल्या,
एका अंड्यावर गाव उभं करू नकोस.
बरोबर आहे त्यांचं.

पण मला गाव दिसतच नव्हतं. एक बाई दिसत होती,
रात्री करकरा दात खाणाऱ्या पोराकडे
कुशीवर वळून बघणारी,
सकाळी दगडावर काहीतरी उगाळणारी.
माझ्या आईकडे वावडिंग होतं.
तिच्याकडे काय होतं कोण जाणे.
कडू असणार, एवढं नक्की.

जंतांनी ते मेलं असं मी कुठेही लिहिणार नाही.
उलटंच असेल:
मूल गेलं म्हणून जंत गेले.
ताप होता, की साप, की नुसतंच उपाशी साल.
तीन दिवसांत माणूस नेणारं दुखणं
हाडापर्यंत पोचतच नाही.
हाडावर खूण उमटायला आधी जगावं लागतं.

संध्याकाळी बंडगार्डनच्या पुलावर गाडी अडकली.
खाली मुळा-मुठा, अख्ख्या शहराचं पोट वाहून नेत.
यातला थेंबभर काचेवर घेतला
तर ओळखीचंच कुणी भेटेल.

घरी रेवाच्या डायरीत चिठ्ठी:
उद्या शाळेत जंताची गोळी, पालकांची सही हवी.
सही केली. तारीख घातली.
तारखेखाली, सवयीने, नमुना क्रमांक लिहायला लागले
आणि खोडला.

मग दिवा मालवून
झोपलेल्या तिच्या तोंडाशी कान नेला.